तिने हो म्हटलेलं नव्हतं

कोर्टातल्या माझ्या खोलीला दोन दारं होती. एका दाराने नवरा यायचा, दुसऱ्याने बायको. बाहेरच्या बाकावरच दोघांची जुंपू नये म्हणून कुणीतरी विचारपूर्वक केलेली सोय. मध्ये टेबल, टेबलाच्या एका बाजूला मी. मी न्यायाधीश नव्हते आणि वकीलही नव्हते. कुटुंब न्यायालयात समुपदेशक नावाची एक जात असते, त्यातली मी. घटस्फोटाचा अर्ज आला की न्यायाधीश आधी त्या दोघांना आमच्याकडे पाठवतात. आम्ही आधी वेगवेगळं बोलतो, मग एकत्र बसवतो. जमलं तर घर वाचतं. नाही जमलं तर 'समेट झाला नाही' एवढंच वर कळवायचं. आत कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही. म्हणून इथे मी नावं बदलली आहेत, आणखीही काही बदललं आहे. जे बदललं नाही ते का बदललं नाही, हे वाचताना लक्षात येईल.

आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी फोन केला तेव्हा त्यांना माझ्याकडून 'इस्लाममधील स्त्रीचे स्थान आणि हक्क' असा लेख हवा होता. मी म्हटलं, "स्थानाबद्दल मला काही सांगता येणार नाही हो. माझ्या खोलीत बायका स्थान घेऊन येत नसत, कागदांची पिशवी घेऊन येत."

ते हसले आणि म्हणाले, "मग पिशवीबद्दल लिहा."

मी मुलाणी. माहेर कराडकडचं, वडील मराठी शाळेत मास्तर. लग्न होऊन दिल्लीत आले, कारण नवरा केंद्र सरकारच्या कचेरीत होता. इथल्या मराठी कार्यक्रमांत मला अजूनही कुणीतरी म्हणतं, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे!" मी थँक यू म्हणते. आणि जुन्या दिल्लीतल्या बायका माझी उर्दू ऐकून विचारायच्या, "आप सचमुच मुसलमान हैं?" दोन्हीकडे मी थोडी पाहुणीच. पण कोर्टात नावामुळे मुसलमान घरांची प्रकरणं बहुधा माझ्याच टेबलावर यायची. ते मला बरंच वाटायचं. निदान तिथे माझी जागा ठरलेली होती.

बाहेरच्या लोकांना या विषयातले दोनतीन शब्द माहीत असतात: तलाक, बुरखा, चार बायका. माझ्याकडे आलेल्या कित्येक बायकांनाही तेवढेच माहीत असायचे. निकाहात बाईचा होकार लागतो, तो नसेल तर निकाहच होत नाही. मेहेर, म्हणजे लग्नात ठरलेली रक्कम किंवा ऐवज, ही तिची, नवऱ्याने तिला द्यायची. तिचं जे आहे ते तिचंच राहतं, लग्नाने नवऱ्याचं होत नाही. बापाच्या मालमत्तेत तिला वाटा असतो. भावाच्या निम्मा, पण असतो. आणि नवरा जसा तलाक देऊ शकतो तशी तीही सुटका मागू शकते. त्याला खुला म्हणतात. त्यात ती मेहेर परत करते किंवा सोडून देते. मराठीत खुला म्हणजे मोकळा. मला त्या शब्दाचा हा योगायोग फार आवडायचा.

हे सगळं आहे. आणि मुलीने वाटा मागितला तर भाऊ ईदला येणं सोडतात, हेही आहे. माझी नोकरी या दोन्हींच्या मधल्या जागेत होती.

नसीम आपा आल्या तेव्हा मला निवृत्त व्हायला फार दिवस उरले नव्हते. साठीच्या आसपासच्या, उंच, काळ्या चादरीत नीट गुंडाळलेल्या. त्यांना खुला हवा होता. नवऱ्याचं करोल बागेत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. हजला जाऊन आलेले, त्यामुळे सगळे त्यांना हाजी साहेब म्हणत. मुलगा त्याच दुकानात बसायचा. नातवंडं होती. या वयात बाई घटस्फोट मागते तेव्हा आम्ही आधी मारहाणीचं विचारतो.

"हात उचलतात?"

"नाही."

"दुसरं लग्न वगैरे?"

"तोबा. नाही."

"खर्चाला?"

"काही कमी नाही, बाजी." बाजी म्हणजे ताई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजी म्हटलं, वयाने मोठ्या असूनही. आमचं बोलणं सगळं हिंदी-उर्दूत व्हायचं, इथे मराठीत लिहिते आहे. "माझ्या वकिलाने अर्जात लिहिलं होतं की ते मारतात. मी त्याला ते खोडायला लावलं. तो रागावला. म्हणाला, मग लिहू काय? मी म्हटलं, लिहा की मला यांच्याबरोबर राहायचं नाही."

"पण का?"

त्यांनी चादर सारखी केली आणि सांगायला लागल्या.

त्यांची नात झोया. मुलाची मुलगी, कॉलेजात शिकत होती. हाजी साहेबांनी मेरठकडचं एक स्थळ पाहून तिचं लग्न ठरवलं. चांगलं घर, व्यापार चांगला. घरात कुणी काही बोललं नाही. मुलगी गप्प झाली होती, पण लग्नाआधी मुली गप्प होतातच, असं सगळ्यांना वाटलं. नसीम आपांनाही.

निकाहाच्या दिवशी रीत अशी असते की मुलीकडचा एक वडीलधारा माणूस दोन साक्षीदारांना घेऊन तिच्या खोलीत जातो आणि तिला विचारतो: अमक्याच्या मुलाशी, इतक्या मेहेरवर, तुझा निकाह लावायला तुझी परवानगी आहे का? तिने हो म्हणायचं. पण कुमारिका लाजते, म्हणून ती गप्प राहिली तरी तो होकार धरतात. लाजेला दिलेली ही सवलत. माझ्या वडिलांनी मला लहानपणी हे सांगितलं होतं आणि पुढे म्हणाले होते, "पण लाजणं आणि घाबरणं यातला फरक ओळखायला माणूस घरचाच लागतो."

हाजी साहेब स्वतः विचारायला गेले. झोया मान खाली घालून बसलेली. त्यांनी विचारलं. ती काही बोलली नाही. तिच्या मांडीवर टपटप पाणी पडत होतं. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, लाजते आहे, झालं झालं. हाजी साहेब परत वळले.

"आणि मी म्हटलं, थांबा," नसीम आपा म्हणाल्या. "माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मी म्हटलं, तिने हो म्हटलेलं नाही. ते म्हणाले, गप्प आहे, म्हणजे हो. मी म्हटलं, मी तिच्याजवळ बसले आहे, तिचा हात माझ्या हातात आहे, हा हो म्हणणारा हात नाही. पुन्हा विचारा."

"विचारलं त्यांनी?"

"साक्षीदार उभे होते ना. विचारावं लागलं. दुसऱ्यांदा पोरीने मान हलवली. नाही म्हणून."

वऱ्हाड परत गेलं. पाहुण्यांसाठी शिजवलेलं अन्न गल्लीत वाटलं. हाजी साहेबांची जन्मभराची इभ्रत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, एका दुपारी गेली. त्यांनी बायकोला एकच सांगितलं: मेरठला जाऊन त्या लोकांची माफी माग. त्या नाही म्हणाल्या. त्यानंतर ते त्यांच्याशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट सुनेने नेऊन ठेवायचं. घर तेच, दोघं त्याच घरात, आणि एक शब्द नाही.

मी म्हटलं, "आपा, हा राग आहे. राग उतरतो. माझ्या टेबलावर रोज उतरतो."

"अबोला मी सोसला असता, बाजी," त्या म्हणाल्या. "पण त्या शांततेत बसल्या बसल्या मला कळलं की आधीही ते माझ्याशी बोलत नव्हतेच. सांगत होते. घर कुठे घ्यायचं, मुलगा काय शिकेल, मी माहेरी कधी जायचं. माझ्या निकाहाच्या वेळी मी सतरा वर्षांची होते. माझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा मीही अशीच रडत बसले होते. तेव्हा कुणी थांबा म्हटलं नाही."

पुढच्या तारखेला हाजी साहेब आले. पांढरीशुभ्र दाढी, धुतलेला कुर्ता, नखांच्या कडांना मात्र ग्रीसची काळी रेघ. दुकानाचे मालक असूनही स्वतः काम करत असणार. मला ते आवडले, हे लपवत नाही. नवऱ्याला पाहायच्या आधीच त्याच्याबद्दल मत बनवायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य. त्या दिवशी ते पाळणं सोपं गेलं.

"मी हिला आजवर कधी तू म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "आपच म्हणतो. हजला बरोबर नेलं. आजारी पडली तेव्हा उशाशी बसलो. तुम्हीच सांगा, माझा गुन्हा काय?"

"त्या म्हणतात, काही नाही."

"मग?"

"मग तुमच्याबरोबर राहायचं नाही, एवढंच म्हणतात."

"असं कुठे असतं?" ते खरोखर गोंधळलेले होते. "मी खुला देणार नाही. माझ्या मर्जीशिवाय तो होत नाही, मला मौलवींनी सांगितलं आहे."

यावर वेगवेगळी मतं आहेत. कोर्टाचं एक, मौलवींचं दुसरं, त्यातही पुन्हा फाटे. नवरा अडून बसला तर बाईची उमेदीची वर्षं तारखांत जातात, आणि नसीम आपांकडे उमेदीची फारशी उरली नव्हती. मी दोघांना समोरासमोर बसवलं. माझं काम समेट घडवायचं. मी मनापासून प्रयत्न केला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हाजी साहेब माफीची अट सोडायला तयार झाले. म्हणाले, चला घरी, मी विसरतो. नसीम आपा म्हणाल्या, "मला ते विसरायला नको आहे."

शेवटच्या बैठकीत मी हाजी साहेबांना एक जुनी हकिकत सांगितली, जी त्यांनाही ठाऊक असणार होती. पैगंबरांच्या काळात एक बाई त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या वागण्यात दोष नाही, धर्मात दोष नाही, पण मला त्यांच्याबरोबर राहवत नाही. तिला एवढंच विचारलं गेलं की मेहेरमध्ये मिळालेली बाग परत करशील का? ती हो म्हणाली. बाग परत गेली, ती मोकळी झाली. तिला कुणी गुन्हा सिद्ध करायला सांगितलं नाही.

सांगताना मी 'खुला' हा शब्द माझ्या कराडी पद्धतीने उच्चारला. हाजी साहेब किंचित हसले. "खुला नाही मॅडम, खुल्अ. घशातून."

"खुल्अ," मी म्हटलं. जमलं नाही. नसीम आपाही हसल्या. त्या दोघांना एकत्र हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग हाजी साहेब गप्प झाले. बराच वेळ. वर पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी पुढच्या जोडप्याचं नाव पुकारलं. ते टेबलाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. मी शेवटी विचारलं, आणि विचारताना त्यात टोचून बोलण्याचा हेतू नव्हता, मला खरंच कळत नव्हतं:

"हाजी साहेब, तुमचं हे गप्प राहणं मी होकार समजू का?"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "थांबा. मी तोंडाने सांगतो." पण लगेच सांगितलं नाही. आधी त्यांनी तिला विचारलं, "तुम्हाला खरंच जायचं आहे?"

"जी."

"मी विचारतो आहे म्हणून सांगताय?"

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगता आलं," नसीम आपा म्हणाल्या.

त्यांनी हातातली सोन्याची कडी काढायला घेतली. तीच त्यांची मेहेर होती. हाडावर बसलेली कडी निघेनात. हाजी साहेब म्हणाले, "राहू द्या, मला नको आहेत." त्या म्हणाल्या, "असं नाही चालत. परत घ्या, म्हणजे मी सुटका मागून घेतली असं होईल. नाहीतर तुम्ही मला सोडलं असं होईल." शेवटी कडी निघाली. मनगटाभोवती फिकट कातडीचा पट्टा तेवढा राहिला. हाजी साहेबांनी ती रुमालात बांधली आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले की मी हा खुला मंजूर करतो. मग दोघं उठले. ते त्यांच्या दाराने गेले, त्या त्यांच्या.

मी वर कळवलं: समेट झाला नाही. आमच्या कामाच्या हिशेबात हे माझं अपयश. कोर्टाने पुढे रीतसर नोंद केली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मी निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात माझे यजमान गेले. दिल्लीला लागूनच असलेल्या गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या ऑफिसचे लोक, मराठी मंडळी, इमारतीतले शेजारी, कराडहून आलेले भाऊ. पहिले काही दिवस माझ्या घरात चूल पेटली नाही. शेजारणी खिचडी-कढीचे डबे आणत होत्या. इद्दतचे, म्हणजे विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस मी घरात राहिले. मग सगळे आपापल्या कामाला गेले, जायचेच होते. मुलगा पुण्याला, रविवारी फोन करतो. भाजीवाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी, मेट्रोत हिंदी. कधी कधी संध्याकाळी मला जाणवायचं की आज दिवसभरात मी मराठीचा एक शब्द बोललेले नाही. मग मी मोठ्याने काहीतरी म्हणायची. चहा ठेवते, असं काहीतरी.

तेव्हा मला नसीम आपांची आठवण झाली. नोकरीत असताना पक्षकारांशी संबंध ठेवायची मुभा नसते. आता मला कुणी विचारणार नव्हतं. मी त्यांच्या वकिलाकडून पत्ता काढला. त्या गाझियाबादमध्येच निघाल्या, माझ्यापासून ऑटोने थोड्या अंतरावर, एका मैत्रिणीच्या घराच्या मागच्या खोलीत. मोहल्ल्यातल्या मुलींना शिवण आणि कुराण वाचायला शिकवायच्या. एकटी घटस्फोटित बाई म्हणून आधी चार ठिकाणी त्यांना नकार मिळाला होता. मला त्यात नवल वाटलं नाही. माझं आडनाव ऐकून घरमालकांचे चेहरे कसे बदलतात हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी जाऊ लागले. चहा व्हायचा. फार बोलणं व्हायचं नाही. एकदा मी विचारलं, "आपा, एकटं वाटतं?"

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "खूप वाटतं. पण तिथेही वाटायचं. तिथे ते कुणाला सांगता येत नव्हतं, कारण घर भरलेलं होतं."

झोयाने शिक्षण पुरं केलं, एका शाळेत नोकरीला लागली. मग तिच्याच पसंतीच्या मुलाशी तिचा निकाह झाला. विचारलं तेव्हा तिने बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात कबूल म्हटलं, असं ऐकलं. आजीला बोलावणं नव्हतं. हे नसीम आपांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि मेथीची एक जुडी पुढे ओढली.

मागच्या थंडीत हाजी साहेब गेले. झोयाने आजीला फोन करून कळवलं, आणि त्यांनी मला. मी विचारलं, "जायचंय? मी येते बरोबर."

"मुलाने सांगितलं आहे, येऊ नका," त्या म्हणाल्या. "त्याचं बरोबर आहे. मी त्यांची कुणी नाही आता."

शरियतच्या हिशेबाने ते खरं होतं. खुला झालेली बाई विधवा होत नाही. तिला त्याच्यामागे इद्दत नाही, वाटा नाही, आणि तिच्या दारात कुणी सांत्वनाला येत नाही, कारण तिचं कुणी गेलेलंच नसतं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. मग मी डाळ-तांदूळ धुतले. खिचडी केली, कढी केली, डब्यात भरली आणि ऑटो पकडली.

नसीम आपांनी दार उघडलं. शिवणाच्या मुलींना त्यांनी त्या दिवशी सुट्टी दिली होती. मशीन झाकलेलं होतं. त्यांची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"हा डबा तर मय्यतीच्या घरी नेतात, बाजी."

"हो," मी म्हटलं.

त्या दारातून बाजूला झाल्या. मी आत गेले. त्यांनी दस्तरखान, जेवायला बसायचं कापड, अंथरलं, दोन ताटल्या काढल्या, खिचडी वाढली. मग एक घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "ते मीठ फार कमी खायचे." आणि मग चादरीचं टोक तोंडाशी धरून, कोर्टानंतरच्या इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यासमोर, त्या हाजी साहेबांबद्दल बोलू लागल्या.